तिखटाचा कोंबडा

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी खुराड्यातलं पाणी बदलत होते. "कुंदाताई, आमच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा," त्या म्हणाल्या, आणि जरा अडखळून पुढे म्हणाल्या, "फक्त रक्त जरा कमी ठेवा हं, फराळाच्या पाककृती त्याच अंकात आहेत." मी म्हटलं, बघते. वाचता वाचता कुणाच्या हातातली करंजी तशीच राहिली, तर दोष माझा नाही, विषयाचा आहे.

मी मोहन्याला राहते. शहाड स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला "कोंबडीवाल्या ताई" एवढं सांगितलं तरी तो दारात आणून सोडतो. काम माझं साधं आहे. गावठी कोंबड्या ठेवायच्या, त्या खुडूक होऊन अंडी द्यायच्या थांबल्या की अंड्यांवर बसवायच्या, पिल्लं निघून जरा दणकट झाली की ज्यांना घरी पाळून खायची आहेत त्यांना द्यायची. आणि कोंबडा वाढला, पण घरात कापणारं कुणी नसलं, की सुरी घेऊन त्यांच्या घरी जायचं. दुकानात कोंबडी कापून मिळते हे मलाही ठाऊक आहे. माझ्याकडे येणारी माणसं थोडी वेगळी असतात. त्यांना आपल्या दारात वाढलेलं खायचं असतं, आणि मरताना त्या जिवाचे हाल झाले नाहीत एवढी खात्री हवी असते. ती खात्री देणं हा माझा धंदा.

या धंद्यात मला सगळ्यात अवघड गेलं ते कोपरच्या मंगलचं काम. मरणाऱ्या नवऱ्याला तिने एक शब्द दिला होता, आणि तो पाळायचा तर भरल्या घरात दिराच्या विरोधात उभं राहायला लागणार होतं. खरं तर तेच सांगायला मी लिहायला बसले आहे. पण आधी आमच्या रीतींचं थोडं सांगते, नाहीतर एवढ्याशा कोंबड्यासाठी एवढं रामायण कशाला, असं वाटेल.

आमच्याकडे बाईमाणसाने कोंबडी कापायची नाही. पिल्लं बाईने सांभाळायची, दाणापाणी बाईने करायचं, खुराडं बाईने झाडायचं. पिसं काढायची बाईने, साफ करायची बाईने, वाटण वाटायचं आणि भाकऱ्या थापायच्या त्याही बाईनेच. मधे तेवढी सुरी फिरवायची पुरुषाने. का, ते कुणी सांगत नाही. विचारलं की म्हणतात, रीत आहे. मग घरात पुरुष नसेल त्या दिवशी कोंबडा काखेत धरून बाई आळीभर पुरुष शोधत फिरते, आणि जो कोण सापडेल त्याच्या हातात सुरी देते. त्याला कापता येतं का, हे विचारायची पद्धत नाही.

मीही तशीच फिरले होते. लग्न होऊन मोहन्याला चाळीत आले त्याला फार दिवस झाले नव्हते. मिस्टर कारखान्यात पाळीवर गेलेले आणि गावाहून पाहुणे दारात. सासूबाईंनी कोंबडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, शेजारच्या काकांकडून कापून आण. काका भले माणूस, पण भाजीची सुरी घेऊन आले. पुढचं मी लिहीत नाही, संपादकबाईंना बघते म्हटलंय. एवढंच सांगते की अर्धवट कापलेला तो कोंबडा चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. पाहुणे मिटक्या मारत जेवले. माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

पुढच्या वेळी पुन्हा तीच वेळ आली तेव्हा मी मोरीचं दार लावून घेतलं आणि माझ्या हाताने कापला. माहेरी संगमेश्वराकडे माझे वडील कापायचे, ते लहानपणापासून जवळ उभी राहून बघितलं होतं. कोंबड्याने आवाजसुद्धा केला नाही. बाहेर आले तर सासूबाई दारात उभ्या. त्या दिवशी त्यांनी पेजेवर भागवलं. मिस्टर रात्रपाळीला जाताना जेवायला बसले, सगळं ऐकून घेतलं, रस्सा दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, "काकांच्या हातापेक्षा तुझा हात बरा आहे." एवढं बोलून डबा घेऊन कामावर गेले. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मला जन्मात मिळालं नाही, आणि तेवढं पुरलं. सासूबाईंनी मात्र मी कापलेलं शेवटपर्यंत कधी खाल्लं नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

आता कापायचं कसं, ते सांगते. खरं काम सुरीचं नाहीच, आदल्या संध्याकाळचं आहे. कोंबडी अंधार पडला की आंधळी होते. ती दांडीवर बसली की अलगद उचलायची, टोपलीखाली ठेवायची, दाणा बंद, पाणी मात्र भरपूर. दिवसाउजेडी कोंबड्यामागे धावायचं नाही. भ्यालेला, धापा टाकणारा कोंबडा कापला तर त्याचे हाल होतात आणि मांसही चिवट लागतं. सकाळी तो जुन्या सुती फडक्यात गुंडाळायचा, म्हणजे पंख फडफडत नाहीत आणि त्याला धीर येतो. धरायचं त्याच माणसाने, ज्याने त्याला रोज दाणा टाकला. हा माझा नियम आहे आणि त्यापायी मी गिऱ्हाइकं गमावली आहेत. ओळखीच्या हातात कोंबडा गप्प राहतो. कापणाऱ्याने जबड्याखालची जागा अंगठ्याने चाचपायची आणि एकदाच सुरी फिरवायची. सुरी अशी हवी की तिला जोर द्यायला लागू नये. नंतर त्याला फेकून द्यायचा नाही, टोपलीखाली तडफडत टाकायचा नाही. मान सैल पडेपर्यंत धरून ठेवायचा.

बाकीचं कुणालाही येतं. पाणी गरम हवं पण उकळतं नको, उकळत्या पाण्यात कातडी सोलून निघते. पिसं काढून झाली की हळद चोळून जाळावर भाजायचा. पोट फाडताना कलेजीला चिकटलेलं हिरवं पित्त फुटू द्यायचं नाही. फुटलं तर सगळा रस्सा कडू, आणि त्यावर आजपर्यंत कुठल्याच सुगरणीला उपाय सापडलेला नाही.

दाणा टाकणाऱ्याने धरायचं म्हटलं की पुष्कळांचं अवसान गळतं. डोंबिवलीला एक जोडपं होतं, दोघं कॉम्प्युटरवर काम करणारी. तळमजल्याचा फ्लॅट, मागे थोडी मोकळी जागा. गटारीला घरचा कोंबडा खायचा म्हणून माझ्याकडून दोन पिल्लं घेऊन गेली. मी बजावलं होतं, नावं ठेवू नका, मांडीवर घेऊन टीव्ही बघू नका. श्रावण तोंडावर आला तसा मला फोन आला. सुरी घेऊन गेले तर दोन्ही कोंबडे सोफ्यावर. एकाचं नाव शेरू, दुसऱ्याचं रॉकी.

"कोण धरतंय?" मी विचारलं.

नवऱ्याने बायकोकडे बघितलं, बायकोने नवऱ्याकडे. मग तो म्हणाला, "ताई, सीन असा आहे ना, की आम्ही पनीर आणलंय."

मी दोन्ही कोंबडे पिशवीत घालून घरी आणले. शेरू मुंगसाने नेला. रॉकी अजून आहे, म्हातारा झालाय, कुणाच्या कामाचा नाही, पहाटे सगळ्यांच्या आधी आरवतो. दर दिवाळीला ती दोघं त्याला भेटायला मोहन्याला येतात आणि सोबत काजू आणतात. मला त्यांचं हसू येत नाही. ज्याला धरवत नाही त्याने खाऊ नये, असंच मला वाटतं, आणि ती दोघं निदान तेवढी सरळ होती.

याच्या उलट ठाण्याचे एक गृहस्थ. बंगला, माळी, सगळं व्यवस्थित. कोंबडे माळ्याने वाढवलेले. मला म्हणाले, "तुम्ही मागच्या मागे आवरून घ्या, मला फक्त ताटात दिसू दे." मी माळ्याला विचारलं, त्याने नीट धरलं, कामही छान झालं. निघताना साहेब म्हणाले, "तुम्हाला पाप नाही का वाटत?" मी म्हटलं, वाटतं की. थोडं तुम्ही वाटून घेता का? पुन्हा बोलावणं आलं नाही.

आणि या सगळ्यांत जनूभाऊ. कोपरला खाडीच्या बाजूला त्यांचं जुनं घर. चहूबाजूंनी इमारती उठल्या, पण त्यांनी अंगण राखलं होतं. अंगणात शेवग्याचं झाड आणि झाडाखाली खुराडं. दरवर्षी माझ्याकडून पिल्लं न्यायचे. दुकानात जिवंत कोंबड्यांना पाय बांधून स्कूटरला उलटं टांगून नेताना कुणी दिसलं की ते रस्त्यावर थांबून भांडायचे. स्वतः कापायचे, आणि मी बघितलेल्या पुरुषांमध्ये त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. त्यांची बायको मंगल कोंबडा धरायची. दोघं ओट्यावर समोरासमोर बसायची, एक शब्द न बोलता काम व्हायचं. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांना मी त्यांच्याकडे बघायला पाठवत असे.

जनूभाऊ फार दिवस आजारी न राहता गेले. मी भेटायला जाऊन आले. दहावं झालं आणि मंगलचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"ताई, तिखटाला याल का? सुरी घेऊन."

तिखट म्हणजे काय, ते ज्यांच्यात नसतं त्यांच्यासाठी सांगते. घरात माणूस गेलं की तेराव्यापर्यंत मांसमच्छी बंद. तेरावं आटोपलं की भावकी जमते, मटणाचं किंवा कोंबडीचं जेवण होतं. आधी घरच्यांनी घास घ्यायचा, मग इतरांनी. त्या घासाने घर पुन्हा रोजच्या खाण्यापिण्याला लागतं. दुःख संपत नाही, पण चूल सुतकातून बाहेर येते.

"यांनी हॉस्पिटलात माझा हात धरून सांगितलं होतं," मंगल म्हणाली. "माझ्या तिखटाला दुकानचा कोंबरा आनू नको. आपलाच काप, न् नीट काप. मी हो म्हटलं. आता भावजी म्हणतात, मटन आणतोच आहे, कोंबरा पाहिजे तर दुकानातून आणू. घरचा कापायचा तर बाई नको. तुम्ही सांगा, मी काय करू?"

मी म्हटलं, येते.

तेराव्याच्या दिवशी दुपारचे विधी उरकल्यावर मी पोहोचले. दुसऱ्या दिवशी, बुधवारीच, तिखट उरकायचं होतं, कारण त्यानंतर गुरुवार येत होता आणि गुरुवारी त्यांच्यात चालत नाही. मंगलचे दीर वसंतभाऊ ओट्यावर बसले होते. डोक्यावर नुकताच वस्तरा फिरलेला, पांढरी बंडी, डोळे सुजलेले. जनूभाऊंना मुलगा नव्हता, एक मुलगी, ती सासरहून आली होती. त्यामुळे क्रियाकर्म सगळं वसंतभाऊंनी केलं होतं.

त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला, आणि मग हात जोडले.

"ताई, राग नको मानू. पन या घरान बाईनं कोंबरा कापलेला मी कवा बगितला नाय. उद्या भावकी जेवाला बसंल. कुनी इचारला तं मी काय सांगू? दादाच्या तिखटालाच रीत मोडली?"

"मग तुम्ही कापा," मी म्हटलं. "घरचेच आहात. माझी काही हरकत नाही."

मी हे टोमणा म्हणून बोलले नव्हते. पण ते एकदम उभे राहिले. "कापतो. मना काय येत नाय?" म्हणून खांद्यावरचा पंचा हातात घेतला आणि भर उन्हात कोंबड्यामागे धावले.

कोंबडा तांबडा, मोठा तुरेवाला, जनूभाऊंनी खास राखलेला. तो आधी शेवग्याखाली गेला, मग पाण्याच्या टाकीमागे. वसंतभाऊंनी त्याच्यावर पंचा टाकला, पंचा टाकीत पडला. कोंबडा तिथून शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडवर आणि कंपाउंडवरून वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकवायला लागली. कुणी म्हणतंय, "काका, डावीकडून!" कुणी मोबाइल धरलाय. वॉचमन काठी घेऊन आला. मी ओरडून त्याला थांबवलं.

मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. पण मंगलकडे बघितलं आणि हसू जिरलं. ती खुराड्याचं दार घट्ट धरून उभी होती. नीट काप, असं जनूभाऊंनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचा असा तमाशा चालला होता.

"बस झालं," मी वसंतभाऊंना म्हटलं. "आज हा कोंबडा कापायचा नाही. तुम्ही नाही, मी नाही. पळवलेला कोंबडा मी कापत नाही. संध्याकाळी तो आपणहून येईल. सकाळी बघू."

वसंतभाऊ ओट्यावर येऊन बसले. घामाने निथळत होते. बंडीच्या टोकाने तोंड पुसलं. मग खाली बघतच म्हणाले, "मी कवाच कापला नाय, ताई. धाकटा ना मी. सगला दादाच करायचा. मी फक्त जेवाला बसायचो."

आणि ते रडायला लागले. तेरा दिवस सगळ्यांचं करत होते, बहुतेक रडायला सवड मिळाली नव्हती. मंगलने आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि ती जवळच भिंतीला टेकून बसली. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल माया वाटली. रीत वगैरे ठीक, पण त्याला भावाचं एक काम तरी भावासारखं करून दाखवायचं होतं.

थोड्या वेळाने त्यांनीच तोड काढली. "असा करू. सुरी तू धर ताई, वरून मी हात ठेवतो. नावाला. म्हंजे पुरुषाचा हात लागला."

ही तोड पुष्कळ घरांत निघते आणि मी ती कधी मान्य केलेली नाही. मी म्हटलं, "भाऊ, सुरीवर दोन हात आले की घाव अडखळतो. तुमच्या समाधानासाठी त्या जिवाला दोनदा मारायचं का? पूर्ण तुम्ही कापा, नाहीतर पूर्ण मी."

ते काही बोलायच्या आत मंगल बोलली. तेरा दिवसांत तिचा एवढा ठाम आवाज कुणी ऐकला नसेल.

"भावजी, शब्द मी दिलाय. तुम्ही नाय. रीत मोडली असं कुणी म्हटलं तर माझं नाव सांगा. पण उद्या ताई कापतील आणि मी धरीन. हे असते तर त्यांनी पण मलाच धरायला लावलं असतं."

वसंतभाऊंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

दिवेलागणीला कोंबडा केबिनवरून उतरला, चार पावलं इकडे, चार तिकडे करत अंगणात आला आणि मुकाट्याने दांडीवर चढला. मंगलने त्याला उचललं, पोटाखाली हात घालून, बाळाला उचलतात तसं. टोपलीखाली पाण्याची वाटी ठेवली. मी त्या रात्री तिथेच राहिले.

सकाळी भावकी यायच्या आधी आम्ही मागच्या ओट्यावर बसलो. मंगलने फडकं आणलं, ते जनूभाऊंचं जुनं धोतर होतं. कोंबडा गुंडाळून तिने मांडीवर घेतला. त्याने एकदा मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घेतली. मला तर वाटलं तो झोपतोय. वसंतभाऊ पाण्याची बादली घेऊन थोडे लांब उभे होते, तोंड भिंतीकडे करून.

या कामात मी कधी थांबत नाही. त्या दिवशी थांबले. सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले, मंगलकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच हो म्हटलं. मग मी जागा चाचपली आणि काम केलं.

आवाज झाला नाही. फडफड झाली नाही. मान सैल पडल्यावरसुद्धा मंगलने हात सोडले नाहीत, तशीच धरून बसली. मग हळूच म्हणाली, "झालं हो. नीट झालं." ती माझ्याशी बोलत नव्हती. मी तोंड फिरवलं आणि खूप रडले. भिंतीकडे तोंड करून आता आम्ही दोघं झालो होतो, मी आणि वसंतभाऊ.

पुढची कामं मात्र कुणासाठी थांबत नाहीत. पाणी तापलं, पिसं निघाली, जाळावर भाजून झालं. मंगलच्या मुलीने आगरी मसाल्याचं वाटण केलं. भावकीसाठी मटणाचं मोठं पातेलं होतंच. कोंबड्याचा रस्सा वेगळा, घरच्यांच्या पानात घालायला, आणि बाकीच्यांना चमचाभर.

दुपारी पंगत बसली. मी आत तांदळाच्या भाकऱ्यांवर लक्ष ठेवत होते, पण कान बाहेर होते. भावकीतले एक म्हातारे काका, ऐकायला कमी येणारे आणि म्हणून मोठ्याने बोलणारे, त्यांनी रश्शाचा वास घेतला आणि विचारलं, "ह्यो जनूचाच कोंबरा ना? कापला कोनी? वसंत, तू?"

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. वसंतभाऊंनी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी काही बाहेर जाऊन सांगणार नव्हते, मंगलही बोलली नसती. ते वाढता वाढता थांबले.

"नाय काका," ते म्हणाले, म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून चांगलं मोठ्याने. "मोहन्याच्या ताईनी कापला. न् वहिनीनी धरला. दादानी सांगलेला, नीट काप. मना नीट येत नाय."

दोघांनी रश्शाची वाटी बाजूला सारली. मी दारातून बघितलं, पण कोणी सारली ते आता लिहीत नाही. काकांनी मात्र थोडा विचार केला आणि म्हणाले, "जनूच्या हातचा कोंबरा कवा तडफडला नाय. ह्यो तडफडला का?"

"नाय."

"मग वाढ."

आधी घास मंगलने घ्यायचा होता. तिने भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. मग दुसरा घेतला. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "मावशी, बाबा गेल्यापासून आई आज पहिल्यांदा धड जेवतेय."

तिखट होऊन थोडे दिवस गेले आणि मंगल मोहन्याला माझ्या दारात आली. म्हणाली, "मला सुरी धरायला शिकवा. धरायचं काम आता मुलगी येत-जात शिकेल." मी तिला आधी सुरी लावायला शिकवली, मग मेलेल्या कोंबड्याच्या मानेवर जागा चाचपायला. जिवंत कोंबडा तिच्या हातात द्यायला मी बराच वेळ घेतला. त्या बाबतीत मी कुणाचीच भीडभाड ठेवत नाही, नवऱ्यामागे एकटी पडलेल्या बाईचीसुद्धा नाही. पण तिचा हात जनूभाऊंचाच निघाला. इतकी वर्षं समोर बसून ती नुसतं धरत नव्हती, बघतही होती.

आता कोपर-डोंबिवलीकडचं काम तीच बघते. माझे गुडघे जिने चढू देत नाहीत. पूर्वी अंगणं होती तिथे आता पार्किंग आहे, सोसायट्यांना कोंबड्याचं आरवणं चालत नाही, त्यामुळे काम कमी होत जाणार, हे मला दिसतंय. पण फोन येतात. नवरा परदेशी असलेल्या, नवरा नसलेल्या, नवरा असून त्याला कापवत नसलेल्या बाया फोन करतात. वसंतभाऊ रिक्षाने मंगलला नेतात-आणतात. एकदा मी विचारलं, "तुम्ही का शिकत नाही?" तर म्हणाले, "एका घरान दोन सुऱ्या कशाला?"

माझंही वय झालं. मागच्या महिन्यात मी मुलाला सांगून ठेवलं की माझ्या तिखटाला दुकानातलं काही आणायचं नाही, आपल्या दारचा कोंबडा, आणि तो मंगलनेच कापायचा. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. मुलगा वैतागला. "आई, सणासुदीला काय हे बोलतेस!" म्हणाला आणि उठून गेला.

मग मी मंगललाच सांगितलं. ती पिल्लं न्यायला आली होती, माझ्या अंगणात उकिडवी बसून कणी टाकत होती. तिने वर बघितलं नाही. पायाशी टोचणाऱ्या पिल्लांना हाताने जरा बाजूला सारलं आणि म्हणाली, "करीन ताई. पण घाई नका करू. यंदाचे कोंबरे अजून लहान हायत."